जबड्याचा कान होतो तेव्हा

हिंगोली जिल्ह्यात सध्या एक मोठा कान उभारला जात आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असे तिचे स्वरूप आहे. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम टिपली. त्या लहरीची कंपने सेकंदाला सुमारे ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली होती. म्हणजे तिचे ध्वनीत रूपांतर केले, तर ती माणसाच्या साध्या कानालाही ऐकू येते. अब्जावधी वर्षांपूर्वीची घटना अखेर येऊन पोचते ती पडद्यामागच्या तीन इवल्याशा हाडांपाशी.

ही तीन हाडे कोठून आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने हाडांच्या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आपल्या वाङ्मयाची पहिली वस्ती कानात होती. ओवी, अभंग, कीर्तन, पोवाडा, कहाणी ही सारी ऐकण्याची रूपे होत. हिंगोली जिल्ह्यातच, कयाधूच्या काठी, नामदेवांचे नरसी आहे. मौखिक परंपरेवर आपण पुष्कळ लिहितो. परंतु ज्या कानाच्या आधारावर ती उभी आहे, त्याचाही एक इतिहास आहे, आणि तो आपल्या नेहमीच्या इतिहासकल्पनेला धक्का देणारा आहे.

त्या इतिहासाचा शोध घ्यायला आपण सेनगाव तालुक्यातील पुसेगावातून निघू. या भागात विहीर खोदणाऱ्याला आधी काळी माती लागते, मग मुरूम, कोठे मांजऱ्या, आणि खाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. मराठवाड्याचा बहुतेक भाग या काळ्या आवरणाखाली आहे. आपल्याला हवी असलेली पाने त्याहून पुष्कळ जुनी आहेत आणि ती वाचण्यासाठी लाव्हाची कड ओलांडून पूर्वेकडे जावे लागते. वाट पाणीच दाखवते. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. प्राणहिता गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, काही महाराष्ट्रात आणि बरेचसे आजच्या तेलंगणात, वाळूचे व चिखलाचे असे खडक उघडे पडले आहेत की ज्यांत सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांची व चुलत्यांची हाडे सापडतात.

या प्रदेशातील जीवाश्मांकडे जगाचे लक्ष प्रथम वेधणाऱ्यांत एक मिशनरी होता. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आला. धर्मप्रसार व शिक्षण हे त्याचे काम. दगड गोळा करणे हा त्याचा छंद. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या मांगली येथील दगडातून मिळालेली एक चपटी, रुंद कवटी त्याच्यामार्फत लंडनला पोचली. १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन याने तिचे वर्णन करून तिला ‘ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स’ हे नाव दिले. ब्रॅकिओप्स म्हणजे आखूड चेहऱ्याचा, लॅटिसेप्स म्हणजे रुंद डोक्याचा. हा प्राणी उभयचर होता, आपला पूर्वज नव्हे. पण महाराष्ट्राच्या भूमीतील एका प्राचीन कवटीचे असे बारकाईने वाचन यापूर्वी क्वचितच झाले असेल.

साहित्याच्या अभ्यासकांना हिस्लॉप आणखी एका कारणासाठी जवळचा वाटावा. गोंडांच्या लिंगो या संस्कृतिनायकाची दीर्घ गाथा प्रधान गायकाकडून ऐकून लिहून घेतली गेली, ती त्याच्याच संग्रहात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्याचा अंत झाला. रिचर्ड टेंपल याने त्याची टिपणे संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली आणि लिंगोची गाथा छापील झाली. एकाच माणसाने कवटी उचलावी आणि गाणे ऐकावे, हा योगायोगच. मात्र या दोन गोष्टींत नाते आहे आणि ते आपल्याला पुढे दिसेल. भूशास्त्राने या प्राचीन खडकांना, आणि पुढे दक्षिणेकडच्या विराट भूखंडाला, ‘गोंडवन’ हे नाव दिले ते याच गोंडांच्या भूमीवरून.

स्वातंत्र्यानंतर या खोऱ्याचे पद्धतशीर वाचन झाले ते अनपेक्षित ठिकाणाहून, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९५७ मध्ये लंडनच्या पामेला रॉबिन्सन तेथे आल्या आणि भूशास्त्राचा विभाग उभा राहिला. त्याच वर्षी जे. बी. एस. हाल्डेन हेही संस्थेत दाखल झाले. पुढील काही दशकांत या विभागाने व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातून जे बाहेर काढले, त्याच्या नावांतच एक छोटा सांस्कृतिक इतिहास आहे. थोर भूवैज्ञानिक दा. नो. वाडिया यांच्या नावाचा ‘वाडियासॉरस’, रवींद्रनाथांच्या नावाचा ‘बारापासॉरस टागोरी’ हा डायनोसॉर, सांख्यिकीचा उल्लेख मिरवणारा ‘एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिसी’, हाल्डेनच्या स्मरणार्थ ‘कोटाथेरियम हाल्डेनी’. १९८४ मध्ये यादगिरी यांनी वर्णिलेल्या एका सस्तनाच्या नावात तर प्राणहिताच आहे.

या खोऱ्याचे महत्त्व असे की, येथे एकाच प्रदेशात कालक्रमाने एकावर एक रचलेली पाने मिळतात. सर्वांत खाली कुंदारमचे थर, सुमारे २५ कोटी वर्षांहून जुने. त्यांत डायसिनोडॉन्ट आढळतात. चोचीसारखा जबडा असलेले हे शाकाहारी प्राणी आपल्या वंशशाखेतील दूरचे आप्त होत. त्यावर येर्रापल्लीचे थर. तेथे रॉय चौधुरी यांनी १९७० मध्ये वर्णिलेला वाडियासॉरस मिळाला. एकाच जागी त्याच्या अनेक प्राण्यांची हाडे सापडल्यामुळे ते कळपाने राहत असावेत असे मानले जाते. त्यानंतर मालेरीचे थर, सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांतला एक्झेरेटोडॉन, ज्याचे वर्णन शंकर चटर्जी यांनी १९८२ मध्ये केले, सायनोडॉन्ट गटातला म्हणजे सस्तनांच्या अधिक जवळचा. सर्वांत वर कोटाचे जुरासिक थर. सिरोंचा तालुक्यातील प्राणहितेच्या काठच्या कोटा गावावरून त्यांना हे नाव मिळाले. याच थरांतील खऱ्या सस्तनाच्या दाताचे वर्णन प. म. दत्त यांनी १९८१ मध्ये ‘कोटाथेरियम’ या नावाने प्रसिद्ध केले. खडक फोडून, तो गाळ पाण्यात धुऊन, बारीक चाळणीतून गाळून असे मिलिमीटरभर आकाराचे दात वेचावे लागतात. वाडियासॉरसच्या भारदस्त कवटीपासून चाळणीत उरलेल्या या दातापर्यंतच्या प्रवासात डोक्याच्या आत काय घडले, हे आता पाहू.

आरंभी एक स्पष्टीकरण हवे. जुन्या पाठ्यपुस्तकांत या प्राण्यांना ‘सस्तनसदृश सरीसृप’ म्हटलेले आढळते. ही संज्ञा आता सोडून दिली आहे. सरड्या-पक्ष्यांची शाखा आणि आपली शाखा सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. हे प्राणी सरीसृपांतून आलेले नाहीत. आपल्या शाखेची खूण म्हणजे डोळ्याच्या मागे कवटीत दर बाजूस असलेली एक खिडकी. तिच्या कडांवर जबड्याचे स्नायू रुजले आणि वाढत गेले. कानशिलावर बोटे ठेवून दात आवळले तर जो स्नायू फुगतो, त्याची जागा म्हणजे ती जुनी खिडकी होय.

आता जबडा. आपल्या खालच्या जबड्यात दर बाजूस एकच हाड असते, ज्यात दात रुजतात ते दंतास्थी. सरड्याच्या जबड्यात मात्र दंतास्थीच्या मागे आणखी काही हाडे असतात. त्यांतले सर्वांत मागचे हाड कवटीच्या एका हाडाशी सांधले जाते आणि त्या सांध्यावर तोंड उघडते-मिटते. वाडियासॉरसचा जबडा असाच होता. सायनोडॉन्टांमध्ये दंतास्थी मागे व वर वाढत गेला आणि मागची हाडे आक्रसत गेली. कानामागून येऊन तिखट होण्याचे याहून अक्षरशः खरे उदाहरण सापडणार नाही. चावण्याचा सगळा भार नव्या हाडाने घेतला. जुनी हाडे सांध्यापुरती उरली आणि काड्यांसारखी बारीक झाली.

मग ती नाहीशी का झाली नाहीत? याचे उत्तर जीवाश्मांच्याही आधी गर्भाने दिले होते. कार्ल रायखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये डुकराच्या भ्रूणांचा अभ्यास करून दाखवले की, सस्तनांच्या मध्यकर्णातील हातोडी आणि ऐरण ही हाडे म्हणजेच सरड्याच्या जबड्याच्या सांध्याची दोन हाडे होत. तिसरे हाड, रिकीब, कानाच्या कामात आधीपासून होते. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध व्हायला अजून बावीस वर्षे होती. मानवी भ्रूणातही हातोडी घडते ती खालच्या जबड्याच्या कूर्चेच्या मागच्या टोकाशी. नंतर तो दुवा तुटतो. पुढे जीवाश्मांनी या म्हणण्याला पायरी-पायरीने दुजोरा दिला.

हा बदल होत असताना मधल्या प्राण्यांनी चावायचे कसे आणि ऐकायचे कसे? १९७५ मध्ये एडगर ॲलिन यांनी मांडलेले उत्तर आज व्यापकपणे स्वीकारले जाते. सायनोडॉन्टांमध्ये ही मागची हाडे जबड्यात असतानाच ध्वनी वाहून नेत होती. जबड्याच्या मागच्या बाजूला ताणलेला पडदा हवेतली कंपने टिपत असे आणि ती कंपने सांध्याच्या हाडांतून रिकिबीकडे जात असत. हाडे जड असल्यामुळे ऐकू येणारे आवाज बहुधा खालच्या पट्टीतले. जसजशी हाडे हलकी झाली, तसतशा वरच्या पट्ट्या खुल्या झाल्या. म्हणजे लाखो पिढ्या या प्राण्यांनी एकाच अवयवाने खाल्ले आणि ऐकले. या दोन्ही कामांत ओढाताण होती. सांधा मजबूत हवा तर हाड जड हवे. कान तीक्ष्ण हवा तर हाड हलके हवे. ती ओढाताण मिटली, कारण दंतास्थीने मागे वाढून कवटीशी स्वतःचा नवा सांधा जुळवला.

भाषेच्या अभ्यासकाला हे चित्र परके वाटू नये. ‘पाठ’ हे शरीराच्या एका भागाचे नाव. पण ‘पाठोपाठ’ म्हणताना कोणाची पाठ आपल्या डोळ्यांपुढे येते? ‘परीक्षेच्या तोंडावर’ या प्रयोगात तोंड कोणाचे? ‘त्याच्या हातून चूक झाली’ यात हात कितीसा उरला? नाम झिजते, त्याचा स्वतःचा अर्थ फिका होतो आणि ते व्याकरणाच्या सूक्ष्म कामाला लागते. मूळचे ‘तोंड’ आणि ‘हात’ भाषेत नांदतच असतात. वर्गात व्युत्पत्ती शिकवताना आपण हेच करतो, शब्दाच्या आजच्या कामाखाली त्याचे कालचे काम दाखवतो. रायखर्टने हातोडीची आणि ऐरणीची व्युत्पत्तीच लावली होती. मात्र साम्याला मर्यादा आहे. शब्दाचा बदल बोलणाऱ्यांच्या सवयीतून होतो, हाडांचा बदल पिढ्यांच्या निवडीतून. यंत्रणा निराळी आहे; सारखी आहे ती जुन्या सामग्रीला नवे काम मिळण्याची रीत.

कानाबरोबर इतर इंद्रियेही बदलत होती. ज्युलियन बेन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सायनोडॉन्टांच्या वरच्या जबड्यातील मज्जातंतूंच्या वाटा तपासल्या. जुन्या प्राण्यांत ही वाट हाडाच्या आत लांबवर फाटे फोडीत जाते. सस्तनांच्या निकटच्या गटांत ती आखूड होते आणि तंतू हाडाबाहेर पडून मऊ, हलत्या मुस्कटात पसरतो. मिशांच्या स्पर्शाची ही पूर्वतयारी. त्याच सुमारास माथ्यावरचे, ‘तिसऱ्या डोळ्या’साठी असलेले छिद्र बुजत गेले. २०११ मध्ये टिमोथी रोव आणि सहकाऱ्यांनी मॉर्गन्युकोडॉन व हॅड्रोकोडियम या आद्य सस्तनसदृशांच्या कवट्यांचे क्ष-किरण चित्रण करून दाखवले की, मेंदूची पहिली मोठी वाढ झाली ती मुख्यतः गंध आणि स्पर्श यांसाठी. हॅड्रोकोडियमची कवटी केवळ १२ मिलिमीटरची. अख्ख्या प्राण्याचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास. आपला मेंदू विचारासाठी वाढला असे आपण अभिमानाने समजतो. त्याचा पाया अंधारात हुंगण्याने घातला.

डोळ्यांची कथा तोट्याची आहे. आद्य सस्तन दीर्घकाळ निशाचर राहिले असावेत, असे गॉर्डन वॉल्स यांनी १९४२ मध्ये सुचवले होते. पृष्ठवंशीयांकडे मुळात असलेल्या चार रंगग्राही प्रथिनांपैकी बहुतेक अपरायुक्त सस्तनांकडे आज दोनच आहेत. आपल्याकडे तीन आहेत, पण तिसरे वानरांच्या शाखेत नंतर पुन्हा मिळवलेले आहे. चिमणीला जे रंग दिसतात, ते सगळे आपल्याला आजही दिसत नाहीत. ऐकणे आणि हुंगणे यांची किंमत काही अंशी रंगांनी मोजली, असे म्हणता येईल.

उष्णरक्तता केव्हा आली, याचाही पुरावा कानातच सापडला. तोल सांभाळणाऱ्या आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो आणि शरीर तापले की तो पातळ होतो. मग तोल नीट राहायचा तर नलिकांचा आकार बदलावा लागतो. रिकार्दो अराउजो, रोमँ डाव्हिड आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या नलिकांच्या मापांवरून असे दाखवले की, सस्तनांच्या शाखेत हा बदल सुमारे २३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, भूगर्भीय मानाने झपाट्याने झाला. आपले मालेरीचे थर साधारण त्याच युगातले आहेत.

आता या लेखामागचा खरा प्रश्न. आपल्या वाङ्मयेतिहासाला ‘आद्य’ या शब्दाचे विलक्षण आकर्षण आहे. आद्य शिलालेख श्रवणबेळगोळचा की अक्षीचा? आद्य ग्रंथ कोणता, विवेकसिंधू की दुसरा? आद्य कादंबरी १८५७ चे ‘यमुनापर्यटन’ म्हणावे काय? पिढ्यान् पिढ्या हे प्रश्न प्रश्नपत्रिकेत येतात. मीही ते काढले आहेत. आता विचारू, आद्य सस्तन कोणता? दीर्घकाळ उत्तर होते: ज्याचा जबडा नव्या सांध्यावर हलतो तो. मग दक्षिण आफ्रिकेत ‘डायार्थ्रोग्नॅथस’ हा सायनोडॉन्ट मिळाला, ज्याच्या नावाचा अर्थच ‘दोन सांध्यांचा जबडा’. जुना सांधा आणि नवा सांधा शेजारी शेजारी. मॉर्गन्युकोडॉनचेही तेच. मग काहींनी निकष बदलला: ज्याच्या कानाची हाडे जबड्यापासून सुटली तो. तेव्हा २००७ मध्ये चीनमधून ‘यानोकोनोडॉन’चे वर्णन आले. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा हा निःसंशय सस्तन. पण त्याच्या कानाची हाडे एका अस्थिमय दुव्याने अजून जबड्याशी जोडलेली होती. शिवाय ही सुटका एकाहून अधिक शाखांत स्वतंत्रपणे झाली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. रेषा जेथे ओढावी, तेथे कोणीतरी दोन्हीकडे पाय ठेवून उभा असतो.

याचा अर्थ बदल झालाच नाही असा नव्हे. वाडियासॉरस आणि कोटाथेरियम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण ते अंतर कोणा एकाने एका उडीत ओलांडलेले नाही. ‘आद्य’ शोधताना आपण दुहेरी सांध्याचा काळ नजरेआड करतो, आणि इतिहासाचा सगळा रस तर त्याच काळात असतो. ओवी ही जात्यावरची आणि ग्रंथातली एकाच वेळी होती. कीर्तनाची बोलणी आणि छापील गद्य कितीतरी वर्षे एकाच वाक्यात नांदली. ‘यमुनापर्यटन’ हा प्रचारग्रंथही आहे आणि कादंबरीही. त्याला एका खणात टाकण्याची घाई केली की तो आपल्याला नीट वाचताच येत नाही. लिंगोची गाथा प्रधानाच्या कंठात असतानाच हिस्लॉपच्या वहीत उतरली. त्या क्षणी ती मौखिक होती की लिखित? तिला दोन सांधे होते, हेच उत्तर बरोबर.

पुन्हा पुसेगावाकडे वळू. लाव्हाचे थर सलग एका दमात पसरले नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तळी साचली, झाडे वाढली, प्राणी वावरले. विकाराबादजवळच्या नास्कल येथे अशाच थरांमधल्या गाळातून जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांनी एका चिमुकल्या सस्तनाचे दात शोधले आणि १९८८ मध्ये त्याला नाव दिले, ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी’. घोट्याच्या हाडांवरून तो झाडावर चढणारा असावा असे दिसते. कवट्या उचलणाऱ्या आणि गाणी ऐकणाऱ्या त्या नागपूरकर मिशनऱ्याचे नाव असे दख्खनच्या लाव्हात जाऊन बसले. त्या प्राण्याच्या काळापर्यंत त्याच्या कुळात हातोडी आणि ऐरण जबड्यापासून सुटी होऊन कानाच्या कामाला पक्की लागली होती. ज्वालामुखीच्या गडगडाटात पानांत दडलेल्या किड्याची बारीक सळसळ त्याला ऐकू येत असणार, कारण त्याचे पोट त्यावरच होते.

कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून तोंड उघडावे. बोटाखाली जो सांधा सरकतो तो नवा. जुना सांधा त्याच्या आत, जेमतेम बोटभर अंतरावर आहे. तो आता काही चावीत नाही. वर्गात मागच्या बाकावरून आलेला प्रश्न, जात्यावरची ओवी आणि उद्या दुधाळ्याच्या भुजांनी टिपलेली एखादी लहर आपल्यापर्यंत पोचते, ती त्याच्याच हालचालीने.